धुण्याचं पाणी

३ डिसेंबर

ती. आत्यास,
भिंगरीचा शि. सा. न., आणि उशिराबद्दल दोन्ही कान धरून वि. वि.

तुझी दोन पत्रं येऊन पडली आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. फोन करायचं मनात होतं, पण फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं. मागच्या वेळी मी घसा फोडून पाऊण तास माझं काम समजावलं आणि शेवटी तू विचारलंस की जेवलीस का. तेव्हा आता सगळं लिहूनच कळवते, सावकाश वाच.

आमचा लेख छापून आला. त्यात काय आहे ते तुला कळलंच पाहिजे, कारण शाळा सुटल्यावर आई दवाखान्यातून येईपर्यंत मी तुझ्या प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसून राहायचे, तिथेच हे वेड लागलं. तर ऐक. नाकाच्या आतल्या पेशींना विषाणूची चाहूल लागली की त्या स्वतःच्या अंगातून बारीक बारीक पुटिका बाहेर सोडतात, लाखोंनी. पुटिका म्हणजे फुगाच म्हण, पण इतका लहान की आपल्या साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसायचा नाही. पेशीच्या दारावरची जी कडी धरून विषाणू आत शिरतो, तसलीच कडी या फुग्यांवरही असते. विषाणू येतो, कडी धरतो आणि बसतो लटकत. दार आहे, पण मागे घरच नाही. मग शेंबडाबरोबर त्याची रवानगी बाहेर. शिवाय या पुटिका शेजारच्या पेशींना आतून काही चिठ्ठ्याही नेऊन देतात. त्या मिळाल्या की शेजारणीच्या घरात विषाणू शिरला तरी त्याला हातपाय पसरता येत नाहीत.

आत्या, तीन वर्षं हेच बघतेय तरी मला नवल वाटायचं थांबत नाही. हुकूम सोडणारं कोणी नाही, आणि ज्या पेशीला पहिली चाहूल लागते ती आपल्याच अंगाचे तुकडे काढून सगळ्या आळीसाठी उधळते. इतकी वर्षं लोक याला पेशींचा कचरा समजत होते.

आम्ही मोजतो कसं, तेही सांगते. बशीतल्या पेशींना विषाणूची चाहूल द्यायची, मग त्या तीनदा धुवायच्या आणि शेवटच्या धुण्याच्या पाण्यात अर्धा तास तशाच ठेवायच्या. त्या पाण्यात पुटिका जमतात. ते पाणी विषाणूत मिसळून ताज्या पेशींवर घालायचं आणि किती वाचल्या ते बघायचं. नुसता विषाणू घातला तर शंभरातल्या वीस वाचतात. आमचं पाणी घातलं तर ऐंशी.

आता दुसऱ्या शहरातली एक प्रयोगशाळा हाच प्रयोग आमच्या कृतीवरून जसाच्या तसा करून बघणार आहे. तिथल्या प्रमुख बाई सडसडीत, ताठ आणि बोलल्या की टोचणाऱ्या आहेत. मी त्यांचं नाव सुईबाई ठेवलंय. पण कामाला एक नंबर, त्यांच्याकडून होकार आला म्हणजे जग जिंकलं.

गुडघा कसा आहे? माया आहे तशीच असू दे, आणि रागावली असशील तर तेही लिहूनच रागाव.

तुझी
भिंगरी


११ डिसेंबर

चि. भिंगरीस अ. उ. आ., आणि पाठीत एक हलका धपाटा.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा कळलं नाही, दुसऱ्यांदा कळलं असं वाटलं, तिसऱ्यांदा खरंच कळलं. शेवटी आमच्या घरात एक डॉक्टरीण होणार ती शेंबडाची. समोरच्या शिक्षिकाबाईंना मी सांगितलं की भाची श्वसनरोगांवर संशोधन करते, तेवढंच भारदस्त वाटतं.

चेष्टा पुरे. ती आपल्या अंगातून आळीसाठी उधळणारी पेशी माझ्या मनातून जात नाही. काल गॅलरीत कपडे वाळत घालताना शिंक आली, तर वाटलं, बिचाऱ्या लागल्या कामाला. या वयात नाकाबद्दल आदर वाटू लागेल असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

एक विचारायचंय. एकतीस वर्षं मी बश्यांतल्या पेशी धुतल्या. मोठे लोक वर बसून बघायचे, आणि धुण्याचं पाणी मी निर्जंतुक करून सिंकमध्ये ओतायचे. ते पाणी हेच का? म्हणजे ज्याच्यावर तू डॉक्टरीण होणार ते मी रोज बादलीभर ओतून दिलं? नीट उत्तर दे, मला बरं वाटावं म्हणून काहीतरी लिहू नकोस.

गुडघा आहे तसाच आहे, त्याचं काय विचारतेस. डोक्याला रुमाल बांधत जा. आशीर्वाद पाठीशी आहेतच, वेगळे मागायची गरज नाही.

आत्या


४ जानेवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

आज चेष्टा करायचं त्राण नाही. सुईबाईंचा आकडा आला. शंभरातल्या अडतीस. त्यांनी चारदा करून पाहिलं, अडतीस, पस्तीस, एकोणचाळीस, छत्तीस. मी माझ्या टेबलावर पुन्हा केलं तर एक्याऐंशी. आमच्याकडच्या दुसऱ्या मुलीने माझ्या कृतीवरून केलं, तिचे एकेचाळीस. म्हणजे सगळ्या जगात हा प्रयोग फक्त माझ्याच हाताला येतो, आणि याचा अर्थ काय निघतो हे तुला सांगायला नको.

नियतकालिकाचं पत्र आलंय. मार्चच्या आत दुसऱ्या कोणाच्या तरी हातून हाच आकडा दाखवा, नाहीतर लेख मागे घ्या. लेख गेला की माझा प्रबंध गेला, आणि प्रबंधापेक्षा वाईट म्हणजे माझा शब्द गेला. तोंडावर कोणी काही म्हणत नाही. माझे मार्गदर्शक सर म्हणाले की माझ्यावर त्यांचा विश्वास आहे, पण ते बोलताना ते खिडकीबाहेर बघत होते. चहाच्या खोलीत मी गेले की लोकांना एकदम कामं आठवतात. आकडे मी मनाने लिहिले असं त्यांना वाटतंय, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही वाटलं असतं.

रोज सकाळी काम सुरू करताना स्वतःच्या हातांकडे बघते की हे काय वेगळं करतात. काही सापडत नाही. सोबत कृतीची अकरा पानं पाठवतेय. बश्या कुठल्या, किती वेळ, पाणी किती थेंब, सगळं लिहिलंय. तुला निबंध वाचायला द्यायचे तशीच देतेय. तू लाल पेन्सिल घेऊन बस.

आणि तू विचारलंस त्याचं उत्तर. हो आत्या, ते पाणी हेच. पण तेव्हा ते कोणालाच माहीत नव्हतं.

भिंगरी


१० जानेवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद. आधी डोळे पूस आणि मग पुढचं वाच.

तुझी अकरा पानं भिंग लावून दोन दिवस वाचली. कृती छान लिहिली आहेस. बशी कुठल्या बाजूने तिरकी करायची तेही लिहिलंस, झाकण उलटं ठेवू नये तेही लिहिलंस. मला अभिमान वाटला. मग मी सातव्या पानावर आले. तिथे म्हटलंय की मिठाच्या पाण्याने पेशी तीनदा धुवाव्यात. बास, एवढंच. मी पान उलटं करून पाहिलं, मागे काही लिहिलंय का म्हणून.

मनगट कुठे गेलं, भिंगरे?

तू सात वर्षांची होतीस. मी बाटली टॉवेलात गुंडाळून वाफेच्या यंत्राच्या झाकणावर ठेवायचे आणि तुला राखणीला बसवायचे. तू दर मिनिटाला येऊन मनगट लावायचीस आणि मला रिपोर्ट द्यायचीस, अजून गार आहे, अजून गार आहे, आता कळत नाही. कळेनासं झालं की बाटली तयार. फ्रिजमधलं पाणी तू पेशींवर ओततेस का? मी शपथेवर सांगते, ओतत नाहीस. सुट्टीत आली होतीस तेव्हा तू फुलझाडाच्या कुंडीलासुद्धा पाणी कोमट करून घातलंस. मग हे लिहिलं का नाहीस?

याने तुझा आकडा बदलतो की नाही ते मला माहीत नाही, मी धुणारी बाई. पण माझ्या हाताखाली तयार झालेली मुलगी आणि बाकीचे, यांच्यात मला एवढाच फरक सापडला. जेवण वेळेवर कर. तुझ्या हातांवर माझा जीव आहे, त्यांच्यावर संशय घेऊ नकोस.

आत्या


१६ जानेवारी

ती. आत्यास, आज खरोखरचा साष्टांग नमस्कार, कारण पत्र वाचून मी प्रयोगशाळेच्या फरशीवरच बसले.

हो. करते. बाटली फ्रिजमधून काढते, कोटाच्या आत काखेत धरते, उबवणीच्या कपाटाच्या डोक्यावर ठेवते, मनगट लावते. रोज. कधी ठरवून केल्याचं मला आठवतच नाही. दार लोटताना आपण कडी काढली असं कोणी वहीत लिहितं का, तसं ते राहून गेलं. पेशींचं खाद्य सगळेच गरम करून घालतात, ते पुस्तकात आहे. पण धुण्याचं पाणी शेवटी टाकूनच द्यायचं असतं, ते कोण गरम करत बसेल? सुईबाईंकडे ते फ्रिजमधून थेट येतं, शेजारच्या मुलीकडेही. आणि माझ्या पेशी नेमक्या त्याच पाण्यात अर्धा तास बसून पुटिका सोडतात. त्यांच्या पेशी गारठतात, माझ्या नाही.

सरांना सांगितलं तर त्यांनी डोकं धरलं. म्हणाले, हे खरं असलं तरी आता सबबीसारखं दिसणार. तरी त्यांनी माझ्यासमोर सुईबाईंना फोन लावला. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न केला, किती अंश. मला सांगता येईना. मी म्हटलं, मनगटाला गार-गरम काही कळणार नाही इतकं. त्या म्हणाल्या की मनगट हे मोजमाप नाही. मग त्यांनी विचारलं की मला हे कोणी शिकवलं, आणि मी तुझ्याबद्दल सांगितलं. एकतीस वर्षं हा आकडा त्यांनी पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाल्या, त्यांना घेऊन या.

तिकीट सोबत पाठवतेय. गुडघ्याची सबब चालणार नाही, स्टेशनवर मी स्वतः उभी राहीन. नाही म्हणू नकोस आत्या, आता सगळं तुझ्या मनगटावर आहे.

भिंगरी


५ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

नीट पोचलीस हे बाबांकडून कळलं. डबा माझ्याकडेच राहिला, तो मी परत देणार नाही.

परवा सुईबाईंच्या प्रयोगशाळेत काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे, कारण बोलणं तुझ्या पाठीमागे चाललं होतं आणि तुला ते ऐकू येत नव्हतं. म्हणून लिहिते. तुला पांढरा कोट देऊन दहा बाटल्यांसमोर बसवलं आणि सांगितलं की नेहमीसारखं करा. तू आधी टेबल पुसलंस, त्यांचं चकचकीत टेबल, आणि तिथल्या दोन मुली एकमेकींकडे बघून हसल्या. प्रत्येक बाटलीत तापमान मोजणारी एक बारीक तार सोडलेली होती. त्या तारेचा आकडा तुझ्या मागच्या पडद्यावर दिसत होता, तुला सोडून सगळ्यांना.

पहिल्या बाटलीला तू झालं म्हणालीस तेव्हा पडद्यावर चौतीस होते. दुसरीला साडेतेहेतीस. तिसरीला चौतीस. चौथीनंतर त्या मुली हसायच्या थांबल्या. सातव्या बाटलीच्या वेळी सुईबाई तुझ्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाल्या की ही झाली, घ्या. ते मुद्दाम होतं, पडद्यावर तीस होते. तू मनगट लावलंस, त्यांच्याकडे असं पाहिलंस जसं माझ्या गणिताच्या वहीकडे बघायचीस, आणि म्हणालीस की ही अजून कुडकुडतेय. आणि बाटली परत ठेवलीस. दहा बाटल्या झाल्या. साडेतेहेतीसच्या खाली एक नाही, साडेचौतीसच्या वर एक नाही. आत्या, नाकाच्या आतल्या भागाचं तापमान साधारण एवढंच असतं.

सुईबाईंनी दहाही आकडे वहीत उतरवून घेतले. मग सरांना हळूच म्हणाल्या की आमच्या तापमापकाची तपासणी वर्षातून एकदा होते, या बाईंची कधी झाली होती. तू वळून मला विचारलंस की सगळे माझ्याकडे का बघतायत, आणि मी तुझ्या कोटाची बटणं सोडायला लागले.

आता तिथल्याच मुली त्यांच्याच हाताने प्रयोग करतील, अर्ध्या बश्या गार पाण्यात, अर्ध्या चौतीस अंशांच्या. महिनाअखेर कळेल. मला झोप लागत नाही, पण भीतीने नाही.

भिंगरी


९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद. कार्डावर जागा कमी, म्हणून थोडक्यात.

पाठीमागे पडदा लावून माणसाची परीक्षा घेतात हे मला आवडलं नाही, सांग तुझ्या सुईबाईंना. बाई मात्र भल्या आहेत. निघताना त्यांनी माझ्या गुडघ्याला कुठलं तेल लावावं ते लिहून दिलं. त्यांच्या सिंकखालची बादली गळते, तेवढं त्यांना कळव. डबा ठेव.

आत्या


२७ फेब्रुवारी

ती. आत्यास, तू आता मला कितीही रागाव, मी आधी तुझ्या पायांवर डोकं ठेवते आणि मग वि. वि.

कोमट पाण्याच्या बश्या, एकोणऐंशी. गार पाण्याच्या, सदतीस. सुईबाईंच्या मुलींनी त्यांच्या हातांनी तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच. पुटिका मोजल्या तर गारठलेल्या पेशींनी निम्म्याहून कमी सोडल्या होत्या. म्हणजे त्यांचाही आकडा खरा होता आणि माझाही. लेख राहिला. सर आज माझ्याकडे बघून बोलले.

आणि राहिला एवढंच नाही. सुईबाई म्हणाल्या, चूक शोधायला निघालो आणि हे हाती लागलं. थंड हवा नाकात शिरली की आत चारपाच अंश उतरतात. तेव्हा तिथल्या पेशीही अशाच गारठत असतील, पुटिका कमी सोडत असतील आणि विषाणूला वाट मोकळी होत असेल. थंडीत सर्दी-पडसं का बळावतं, त्याचं एक कारण या बशीत दिसत असेल. त्यावर आता दोन्ही प्रयोगशाळांचा मिळून नवा लेख होतोय. त्याच्या लेखकांची यादी सुईबाईंनी स्वतः केली. पहिलं नाव माझं, शेवटचं त्यांचं. दुसरं तुझं आहे.

मी सुचवलं नव्हतं, शपथ. मी फक्त आभारात लिहिणार होते. त्या म्हणाल्या, ज्या माणसाच्या हाताशिवाय प्रयोगच उभा राहत नाही त्याला आभारात बसवायचं नसतं. सोबत एक फॉर्म आहे, प्रत्येक लेखकाला सही करावी लागते. तू आढेवेढे घेणार हे मला ठाऊक आहे. पण तुझी सही नसेल तर मीही माझी करणार नाही, आणि मी किती हट्टी आहे हे तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही.

माया अशीच ठेव. सही मात्र लवकर ठेव.

तुझी
भिंगरी


६ मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ.

आकडा वाचून मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. समोरच्या शिक्षिकाबाईंनी विचारलं की काय झालं, तर मी त्यांना सगळंच सांगितलं, शेंबडासकट. आनंद झाला, खूप झाला. तुझा शब्द राहिला याचा जास्त.

फॉर्मचं मात्र मला पटत नव्हतं. चार दिवस तो घड्याळाखाली ठेवला होता. मी काही शोध लावला नाही. नोकरीला लागले त्या पहिल्या थंडीत मला बश्या धुवायला दिल्या. फ्रिजमधलं पाणी पहिल्या बशीवर ओतायला घेतलं आणि माझ्याच अंगावर काटा आला. उघड्या लेकराच्या अंगावर गार पाणी ओतावं तसं वाटलं. त्याच दिवसापासून मी ते कोमट करू लागले. तेव्हाचे साहेब हसले, म्हणाले की पेशींना काही कळत नाही बाई. मी म्हटलं, मला कळतं ना. एवढंच झालं. मला त्या पेशींची दया आली, आणि दयेखाली कोणी सही करत नाही, असं मी तुला लिहिणार होते.

मग काल तुझं पहिलं पत्र पुन्हा वाचलं. ज्या पेशीला चाहूल लागते ती सगळ्या आळीसाठी उधळते, तिला कोणी सांगत नाही, ती कोणाला विचारत नाही. आणि लोक त्याला कचरा समजत होते. मला जरा बरं वाटलं.

तेव्हा सही केली आहे. हजेरीच्या वहीशिवाय मी कुठे सही करत नाही, म्हणून ती जरा आखडून आली आहे, सांभाळून घे. सुईबाईंना नमस्कार सांग, आणि बादली बदलली का ते विचार. तू अशीच फिरत राहा, थकलीस की इकडे ये. बाकी सगळं तुला माहीत आहेच.

तुझी
आत्या

ता. क. फॉर्मवर एक रकाना आहे, या कामात तुमचा वाटा काय. तो मी कोरा सोडला होता, आता पाकीट बंद करताना भरला. लिहिलंय की एकतीस वर्षं हे पाणी मी ओतून दिलं, पण एकदाही गार नव्हतं.